भेंडी कुणाला, वांगं कुणाला

त्या मोसमात आमची टीम फक्त एक मॅच हरली नाही. एडिनबराकरांची ट्रेन रद्द झाली आणि ते आलेच नाहीत, म्हणून. बाकी सगळ्या हरलो. डॉक्टरांनी नऊ गोल मारले, बँकेने अकरा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सातव्या-आठव्या गोलनंतर त्यांनी आनंद करणंही सोडून दिलं. गोल झाला की मान खाली घालून आपापल्या जागी परत जायचे, मयताला आल्यासारखे. गोलमध्ये मी उभा असायचो, त्यामुळे ते चेहरे मला अगदी जवळून दिसायचे.

ग्लासगोतल्या मराठी मंडळींची ही रविवारची लीग. सहा टीम, मैदानात सात-सात खेळाडू आणि एकेक बदली. कौन्सिलच्या लेजर सेंटरची, म्हणजे पालिकेच्या क्रीडासंकुलाची, दोन मैदानं, सकाळी दहा ते एक. हॉस्पिटलातले डॉक्टर आणि बँकेतले लोक अशा दोन टीम आलटून पालटून कप न्यायच्या. उरलेल्या चार म्हणजे सॉफ्टवेअरवाले, युनिव्हर्सिटीतली पोरं, एडिनबराकर आणि आम्ही. आम्हाला सगळे ‘किचन’ म्हणायचे. आमच्यात तीन स्वयंपाकी होते, दोघं डिलिव्हरीवाले, दोघं केअर होममध्ये काम करणारे, आणि एकजण नक्की काय करायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कॅप्टन मी. कारण शनिवारी सगळ्यांना फोन करायचं काम मीच करायचो.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे पेठापेठांत फुटबॉल चालतो आणि माझ्या बाबतीत तो शाळेच्या वेळेतही चालायचा. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. खानावळीत लागलो, मग हॉटेलात, मग पुण्याला, आणि तिथून या गावात, एका रेस्टॉरंटच्या तळघरातल्या किचनमध्ये. बायको आणि मुलगी कोल्हापुरात. सहा दिवस तंदूर आणि एक्झॉस्टचा आवाज. रविवारी सकाळचे तीन तास मात्र मी मोकळ्या हवेत, मराठीत, घसा बसेपर्यंत ओरडायचो. शिवाय तिथे भेटणारी माणसं! एकदा बॉल लागून माझं बोट निखळलं, तर डॉक्टरांच्या कॅप्टनने, म्हणजे साक्षात हाडांच्या सर्जनने, गवतावर बसून ते जागेवर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, “शेफ, वाकतंय ना?” बँकेच्या कॅप्टनने माझ्या व्हिसाचा फॉर्म दोन संध्याकाळी बसून भरून दिला. नववी पास माणसाला एरवी ही माणसं कुठे भेटणार होती? त्यामुळे अकरा गोल खाऊनही मी त्यांना “वेल प्लेड साहेब” म्हणायचो, आणि ते मनापासून असायचं.

पण माझ्या टीमचं तसं नव्हतं. शेवटच्या मॅचनंतर आमचा सेंटर फॉरवर्ड बसमध्ये माझ्या शेजारी बसला. हा कागलचा. केअर होममध्ये नोकरी. गावाकडची बोली बोलायला मला या गावात हा एकच माणूस.

“आता बास,” तो म्हणाला. “पुढच्या मोसमात मी येत न्हाई.”

“असं कसं? तू न्हाईस तर गोल कोण मारणार?”

“आत्ता तरी कोण मारतंय? अरे, एक रविवार मोकळा मिळवायला मी दोन शनिवार जास्तीचे करतोय. कशासाठी? अकरा गोल खायला?”

“गोल मी खातो. तू न्हाईस.”

“बघायला तर मीच असतो न्हवं?”

आठवड्याभरात बाकीच्यांचेही असेच फोन आले. मग मी लीगच्या सेक्रेटरीला कळवलं. ही मुलगी इथेच जन्मलेली, इथल्या शाळेत पीई शिकवते. तिचे आईवडील फार वर्षांपूर्वी येऊन स्थायिक झालेले. कौन्सिलचं सगळं बुकिंग तिच्या नावावर.

“असा नका करू, शेफकाका,” ती म्हणाली. “तुमचा टीम गेला तर पाच राहणार. पाचवर कौन्सिल दोन पिचेस देत नाही. मग सगळा स्लॉट जाणार. फॉर्मची लास्ट डेट पुढच्या महिन्यात आहे.”

म्हणजे किचन बंद, तर लीग बंद, तर माझा रविवार बंद. त्या दिवशी मी दोनदा एकाच डाळीत मीठ घातलं.

तिने उपाय सुरू केले. पहिला उपाय असा, की दुबळ्या टीमला आधीच दोन गोल द्यायचे. तशी एक मैत्रीची मॅच डॉक्टरांशी खेळून पाहिली. नऊ-दोन हरलो. आमचे दोन गोल म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीचे. कागलकर म्हणाला, “आपण घरातनंच दोन गोल मारून आलोय,” आणि आमचे सगळे हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

दुसरा उपाय बँकेच्या कॅप्टनने आणला. हा पुण्याचा, आणि कुठलीही गोष्ट कोष्टकात मांडल्याशिवाय त्याला दिसत नाही. त्याने अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस खेळाडूंना दहापैकी मार्क दिले. कुठल्याही टीमची बेरीज अमुक आकड्याच्या वर जायची नाही. कल्पना चांगली होती. पण तो तक्ता ग्रुपवर पडला आणि आगच लागली. डॉक्टरांचा गोलकीपर रेडिऑलॉजिस्ट आहे. त्याला साडेपाच मिळाले होते. त्याने लेखी विचारलं की अर्धा मार्क नक्की कशाचा कापला. सॉफ्टवेअरवाल्यांनी फॉर्म्युल्यात चूक शोधून काढली. आणि कॅप्टनने स्वतःला आठ दिलेत हे युनिव्हर्सिटीच्या पोरांच्या लक्षात आल्यावर तर त्या तक्त्याची लाजच गेली.

मला साडेचार होते आणि ते मला पटले होते.

त्या आठवड्यात दुपारी कांदा कापता कापता मी हे सगळं आमच्या किचन पोर्टरला सांगत होतो. हा इथलाच, साठीचा माणूस. भांडी घासताना शिट्टी वाजवतो. या गावात दोन मोठे क्लब आहेत आणि देशाची लीग बहुतेक त्या दोघांच्यातच फिरते. अख्खं गाव एक तर इकडचं नाही तर तिकडचं. हा मात्र तिसऱ्याच एका चिमुकल्या क्लबचा, आणि दर शनिवारी इमानाने हरायला जातो. मी त्याला विचारलं, तुला कंटाळा येत नाही?

तो म्हणाला, “जिंकायचं सोड. पण आज काय होणार ते सकाळी अंघोळीलाच माहीत असेल, तर पुढची दुपार कशाला पाहिजे?”

मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “तुमच्याकडे लहानपणी टीम कशा पाडायचात?”

मी त्याला सांगितलं आणि सांगतानाच माझा हात थांबला.

रविवारी लेजर सेंटरच्या कॅफेत मीटिंग होती. सहाही कॅप्टन आणि सेक्रेटरी. माझी पद्धत अशी, की शिकलेल्या माणसांत मी चहा आणून द्यायला उठतो, बोलायला नाही. पण त्या दिवशी फॉर्मला दहा दिवस राहिले होते. मी म्हणालो, “मी एक बोलू का? चुकलं तर सोडून द्या.”

“अहो बोला ना शेफ,” डॉक्टर म्हणाले.

“आपण लहानपणी गडी कसे वाटायचो?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, दोन तोडीस तोड पोरं जोडी करायची. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जायची, गुपचूप नावं ठरवायची, आणि परत येऊन विचारायची, हत्ती कुणाला, घोडा कुणाला? कॅप्टनला माहीतच नसायचं हत्ती कोण आणि घोडा कोण. हत्ती मागितला की जो येईल तो आपला. “यात मार्क नाहीत. कोण कुणाच्या तोडीचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. खोटी जोडी लावली तर बाकीचे ओरडतातच.”

“आम्ही चंद्र-सूर्य करायचो,” एडिनबराचा कॅप्टन एकदम म्हणाला.

“पण इथे सहा टीम आहेत,” बँकवाला म्हणाला.

“म्हणून जोडी नाही, सहाजणांचा गट. एका तोडीचे सहा. असे सात गट. सहा गोलकीपर तेवढे वाटायचे नाहीत, तेच कॅप्टन. दर मोसमाला नव्यानं वाटायचं.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “म्हणजे आमची टीम फोडायची?” ते नागपूरचे, आवाज मुळातच मोठा. “आम्ही ड्यूटी सांभाळून बुधवारी प्रॅक्टिस करतो, पावसात करतो. त्याची ही शिक्षा?”

त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. मी म्हणालो, “साहेब, माझी पण फुटणार. माझी तर नऊ गोल खाऊन एकत्र राहिलेली टीम आहे.”

मग सेक्रेटरी म्हणाली, “नाहीतर बुधवारची प्रॅक्टिस तुम्ही करणार, आणि रविवारी खेळणार कोणाशी?”

ठरलं. एक मोसम करून बघायचं.

वाटपाच्या रविवारी अठ्ठेचाळीस माणसं मैदानात; ‘एवढं बघू’ म्हणत आमचे सातही आले होते. बसमध्येच कागलकर माझ्या कानाला लागला होता. “मी वांगं. काय बी होऊ दे, मी वांगंच असणार. ध्यानात ठेव.”

मी हो पण म्हणालो नाही आणि नाही पण.

आधी गट पडायचे होते. पहिल्या गटात, म्हणजे सगळ्यात भारी सहाजणांच्या गटात, चौदाजण जाऊन उभे राहिले. त्यात डॉक्टरही होते.

“साहेब, तुमचा गुडघा कुठल्या गटात?” मागून कुणीतरी ओरडलं.

“गुडघा पहिल्यातलाच आहे बे, पोट तिसऱ्यातलं आहे!” असं म्हणत ते स्वतःच हसत तिसऱ्या गटात गेले. मग बाकीच्यांनाही लाज वाटून सरकावं लागलं. स्वतःला आठ मार्क देणारा बँकेचा कॅप्टन दुसऱ्यात, तिसऱ्यात असा थांबत थांबत चौथ्यात पोचला आणि तिथल्यांनी टाळ्या वाजवून त्याला घेतलं. सातव्या गटाची मला काळजी होती. तिथे कोण आपणहून जाणार? पण सॉफ्टवेअरवाल्यांतला एक उंच माणूस शांतपणे तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मला ऑफसाइड अजून कळत नाही. इथेच बरं.” मग पाचजण हळूहळू त्याच्याकडे आले.

नावं भाज्यांची ठरली. भेंडी, वांगं, दोडका, कोबी, गाजर, बटाटा. पहिला गट कोपऱ्यात जाऊन, गळ्यात गळे घालून, कुजबुजून आला. मोठमोठी माणसं, पण चालत येताना सगळ्यांचे चेहरे चौथीतल्या पोरांचे. मागायची पाळी चिठ्ठीने ठरली होती. पहिली माझी.

कागलकर त्या सहाजणांत उभा राहून आभाळाकडे बघत होता.

आपल्या पेठेत मी हे केलंय. पहिलं नाव त्याचं असलं की माझा भाऊ डावा कान खाजवायचा आणि मी त्यालाच उचलायचो, वर्षानुवर्षं. वांगं म्हटलं की झालं असतं. शनिवारी त्याला फोन करायचा, रविवारी एका बसने यायचं, सगळं जसंच्या तसं राहिलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “दोडका.”

युनिव्हर्सिटीतला एक काटकुळा पोरगा माझ्याकडे आला. कागलकराने आभाळाकडे बघणं सोडून माझ्याकडे बघितलं.

तिसरी पाळी रेडिऑलॉजिस्टची. “भेंडी.” डॉक्टरांचाच जुना भरवशाचा स्ट्रायकर बाहेर आला. दुसरा गट आला. रेडिऑलॉजिस्ट म्हणाला, “भेंडी.” पुन्हा हॉस्पिटलचाच माणूस. तिसरा गट आला. “भेंडी.” आणि डॉक्टर स्वतः हात वर करून, मोठं नवल वाटल्यासारखं तोंड करून, पुढे आले.

हे ठरवून चाललं होतं. सगळ्यांसमोर एका सर्जनला लबाड कसं म्हणायचं? तेही माझं बोट बसवणाऱ्या? पण वांगं मी सोडलं होतं. ते फुकट कसं जाऊ द्यायचं?

“डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो, “आमच्या पेठेत आम्ही डावा कान खाजवायचो.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटापासून हसू वर आलं. “पकडलं बे शेफने! आम्ही नागपुरात नाक ओढायचो. कालच ठरवलं होतं, सगळ्यांनी भेंडी व्हायचं.”

“आमचं कोबी होतं,” बँकेचा कॅप्टन खाली बघत म्हणाला.

“आमचं गाजर,” एडिनबराकर.

त्यानंतर पाच मिनिटं कुणाला धड उभं राहता येईना. सेक्रेटरी तेवढी कमरेवर हात ठेवून उभी होती. “तुम्ही सगळे लोक मोठे आहात ना?” ती म्हणाली. तिने पहिल्यापासून वाटायला लावलं. या वेळी भाज्या तिने कागदावर लिहिल्या आणि घडी घालून एकेकाच्या मुठीत दिल्या. कीपरने मागितल्यावरच मूठ उघडायची. कोण कुठली भाजी हे भाजीलाही माहीत नाही.

मी पहिल्या गटात वांगं मागितलं. आता मागायला हरकत नव्हती. तो काटकुळा पोरगाच पुन्हा आला. कागलकर बँकेच्या कीपरकडे गेला. आणि तिसऱ्या गटात माझ्या बटाट्याला मूठ उघडून पुढे आले ते डॉक्टर.

बसमध्ये कागलकर पुढच्या सीटवर बसला. उतरताना एवढंच म्हणाला, “गप बसला असतास तर काय बिघडत हुतं?” पुढचे दोन रविवार तो माझ्याशी बोलला नाही. मॅचआधी सरावात माझ्याकडे बॉल मारायचा तोही मला फोडून काढायला मारल्यासारखा.

पण तिसऱ्या रविवारी त्याने बाजूच्या मैदानावर एका मॅचमध्ये तीन गोल मारले. आमच्यात असताना त्याला वर्षभरात तीन जमले नव्हते, कारण त्याच्यापर्यंत बॉलच पोचायचा नाही. मॅच संपल्यावर तो सरळ माझ्या गोलपाशी आला. “बघितलंस का?”

“न्हाई,” मी म्हणालो. मी तिन्ही बघितले होते.

“मग ऐक,” म्हणून त्याने तिन्ही सांगितले, हातवारे करून, बस येईपर्यंत.

मोसम असा गेला की शनिवारी मला झोप लागायची नाही, पण ती चांगली काळजी होती. तीन-दोन, दोन-दोन, चार-तीन. माझी नवी अडचण म्हणजे डॉक्टर. वीस मिनिटांनी ते दमायचे आणि त्यांना बाहेर काढणं माझ्या जिवावर यायचं. “साहेब, जरा पाणी घेताय का?” असं मी गोलमधून ओरडायचो.

“बाहेर बसा म्हणा ना सरळ!” ते ओरडून सांगायचे, “ऑपरेशनला मी तुम्हाला विचारतो का, शेफ, जरा झोपताय का म्हणून?” आणि बाहेर जाऊन बसायचे. बसल्या जागेवरून मात्र माझ्यापेक्षा जास्त आरडाओरडा करायचे.

शेवटच्या रविवारी चार टीमना कप जिंकायची संधी होती. ज्यांच्या मॅच आधीच झाल्या होत्या तेही घरी गेले नाहीत. जाळीला नाकं लावून उभे राहिले. आमची मॅच कागलकराच्या टीमशी. दोन-दोन. शेवटची दोन मिनिटं. डॉक्टरांनी बॉल अडवायला पाय घातला, आणि बॉल राहिला बाजूला, पायात आला माणूस. पेनल्टी.

बॉल ठेवला कागलकराने. कोण काय ओरडतंय काही कळत नव्हतं. सगळं मैदान ओरडत होतं. मी त्याच्या पायाकडे बघितलं आणि उजवीकडे झेप घेतली. बॉल डावीकडे गेला.

तो उड्या मारत, शर्ट डोक्यावर ओढून, मैदानाच्या त्या टोकापर्यंत पळाला. मी गवतावर पडल्या पडल्या बघत होतो. माझ्याविरुद्धच्या गोलवर कुणी एवढा आनंद केलेला मला आठवत नव्हता. कप युनिव्हर्सिटीच्या कीपरच्या टीमने नेला. आम्ही चौथे आलो.

“सॉरी शेफ,” डॉक्टर माझ्यापाशी बसत म्हणाले. “पाय माझाच.”

“असू दे साहेब.”

सेक्रेटरी पुढच्या वर्षाचा फॉर्म घेऊन जाळीपाशी उभी राहिली, तर तिच्याभोवती गर्दी. सही करायला पाच कीपर होतेच, पण बाकीचे भांडायला आले होते. गट बदलायचे होते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या उंच माणसाला आता सातव्या गटात राहू देणार नाही असं तिघांचं म्हणणं होतं, आणि तो हात जोडून म्हणत होता, “मला ऑफसाइड खरंच कळत नाही हो.” बँकेच्या कॅप्टनने नवा तक्ता काढला तर कुणीतरी त्याचा फोनच खिशात घातला.

“शेफकाका, तुमचा सही राहिला,” सेक्रेटरी ओरडली.

मी उठून गेलो. कागलकर घामाने निथळत तिथे आधीच पोचला होता आणि सगळ्यांना मोठ्याने विचारत होता, “वाटप कधी हाय? तारीख सांगा की आधी! आणि ह्या माणसाला कीपर कुणी केलंय? आंधळी कोशिंबीर खेळतोय नुसता.”

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.